अंगठा पुसून पुन्हा ठेवा

साडेआठला फोन पर्समध्येच थरथरतो.
आज कसं वाटलं?
मी तेव्हा घणसोलीत, बिल्डिंगखाली,
बंद केलेल्या स्कूटरवर बसलेली असते,
मीटरच्या पेटीशेजारी.
चौथ्या मजल्यावर आमचा दिवा दिसतो,
म्हणजे भांडी माझी वाट बघतायत.

अंगठा ठेवते. फोन नाही म्हणतो.
अंगठा पुसून पुन्हा ठेवा.
दिवसभर मसाला मार्केटात
पोत्यापोत्यातून नमुना काढायचा,
धणे तळहातावर चोळायचे,
संकेश्वरीचं देठ मोडून बघायचं,
हळकुंड नखानं खरवडायचं,
लालजीशेठना भावाआधी रंग सांगायचा.
अकरा वर्षांत बोटावरच्या रेघा
कुठल्या कुठल्या पोत्यांतून
कुठल्या कुठल्या गावांना गेल्या.
तिसऱ्यांदा नाही म्हटल्यावर
चार आकडे दाबते, जुईलीची जन्मतारीख,
आणि आत जाते.

तिनंच टाकून दिलं हे ॲप, दहाव्यानंतर.
म्हणाली, मम्मी, कुणाशी तरी बोलत जा.
कुणाशी तरी,
म्हणजे तिच्याशी नव्हे,
असा मी अर्थ घेतला.

पाच चेहरे असतात रांगेत.
एक हसरा, एक निम्मा हसरा,
एक ताटासारखा कोरा,
एक पडलेला, एक रडका.
मिरचीनं खोकून खोकून डोळे वाहतात
आणि त्याच वेळी सुगंधाच्या बोलण्यावर
हसू आवरत नाही,
त्याला चेहरा नाही.
मी ताट दाबते. रोज ताट.
महिनाअखेर ॲप म्हणालं,
तुमचा मार्च स्थिर होता.
मार्च, बाई!
मार्चमध्ये मिरचीची आवक असते.
मार्चमध्ये आई गेली.

टाइप करायला बोटं चुरचुरतात
म्हणून बोलून लिहिते,
वॉचमनला ऐकू जाऊ नये इतकं हळू.
मी म्हणते मळमळ,
तो लिहितो मलमल.
मी म्हणते आय,
गोठिवलीच्या घरात म्हणायचो तसं,
तो लिहितो हाय.
हाय गेली. हाय शेवटी जेवली नाही.
हाय तुझी पातळं कुणाला देऊ.
आधी दुरुस्त करत बसायचे.
आता राहू देते.
मलमल वाचायला बरंच वाटतं.

हाय एकदा सांगत होती,
साडेबारा टक्क्यांच्या कागदांवर
तिचा अंगठा एकोणीस ठिकाणी घेतला.
पॅड नवंकोरं, शाई निळी.
खाडीच्या चिखलात निवट्या धरून धरून
माझ्याहून झिजलेला अंगठा तो,
तरी पहिल्याच दाबाला उमटला.
एकालाही म्हणावंसं वाटलं नाही,
पुसून पुन्हा ठेवा.
मी विचारलं, कागदावर लिहिलं काय होतं?
तर म्हणाली,
आंगठ्याला काय वाचाया येतं गो?

हे सगळं मी ॲपला सांगून बघितलं.
गोमीबाईचं त्यानं गोमाबाई केलं,
निवट्यांचं निवडणूक.
साडेबारा टक्के मात्र
नीट १२.५% असं लिहिलं.
आकडा त्याला स्वच्छ ऐकू येतो.

गेल्या रविवारी मार्केट बंद.
तांदळाचं पीठ मळलं, हात धुतले,
आणि वेळ बघायला फोन उचलला
तर अंगठा लागला. पहिल्याच दाबाला.
मी दचकले,
शेजारच्या घरात चुकून शिरल्यासारखी.
दिवसाढवळ्या, ओट्यापाशी,
जुईली पलीकडे केस विंचरत असताना.
चेहरे तसेच रांगेत उभे राहिले.
मी मोठ्यानं म्हटलं,
आय, आज भाकरी फुगली.
जुईलीनं फणी थांबवली.
काय गं मम्मी?
काही नाही, म्हटलं, भाकरी फुगली.
तर तेही लिहिलं गेलं,
तिच्या प्रश्नासकट.

सोमवारी ब्याडगी आली, दोन गाड्या.